जास्वंदीवरच्या पतंगाची ओळख पटवून देणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले तेव्हा "अहो काकू, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही दुसरंच काही बोलायला लागलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव आणि संस्था लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. पण तुम्ही केलंत ते चार लोकांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. पुण्यात सहकारनगरला आमच्या गच्चीवर जास्वंदी आहेत, शेजारच्या कुंड्यांत भेंडी. पावसाळा लागला की दोन्हींची पानं कडेने वळत वळत तुतारीसारखी गुंडाळली जातात. सुरळी उलगडली की आत हिरवी, चकचकीत, काळसर डोक्याची अळी आणि तिच्या विष्ठेचे काळे दाणे. बोट लागलं की ती असे झटके देत मागे पळते की पान हातातून सुटतं. मला तिचं नाव हवं होतं. ती कोण, तिचा पतंग कसा दिसतो, ती आणखी काय काय खाते, एवढंच.

ते एवढंच कुणी सांगेना. नर्सरीवाल्याने पान न बघताच औषधाची बाटली पुढे केली. एका सल्ला केंद्रातल्या साहेबांनी मोबाइलमधल्या फोटोवर नजर टाकून कागदावर "पाने गुंडाळणारी अळी" असं लिहून दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. पान गुंडाळलेलं मलाही दिसत होतं हो! ओळखीतल्या एका विद्वान गृहस्थांनी "टॉर्ट्रिसिड आहे", म्हणजे टॉर्ट्रिसिडी नावाच्या पतंगांच्या कुळातली, म्हणून ठोकून दिलं. "कशावरून?" असं विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला कळून काय करायचंय?" ते वाक्य मला आजही टोचतं. माझं आयुष्य घर सांभाळण्यात गेलं, प्रयोगशाळा मी कधी पाहिली नव्हती. पण माझ्याच झाडावरच्या जिवाबद्दल विचारायला मला अधिकार का असावा लागतो?

तुमच्याकडे आले तेव्हा बरणीत माझे वाढवलेले पतंग होते आणि पिशवीत वही. तुम्ही आधी वही मागितलीत. अळी पानाच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेपर्यंत रेशमाचे धागे ओढते, एकावर एक टाके घालावेत तसे घालत जाते, आणि दर धाग्याबरोबर पानाची कड जराशी आत वळते, असं मी त्यात लिहिलं होतं. मोठी झाल्यावर जुनी सुरळी सोडून ती नवं पान धरते, हेही. तुम्ही वाचलंत आणि विचारलंत, "काकू, हे रात्री बघितलंत की दिवसा?" त्या एका प्रश्नाने माझा संकोच गेला.

मग तुम्ही सांगितलंत की पान गुंडाळणं ही सवय आहे, कूळ नव्हे. टॉर्ट्रिसिडी कुळात दहा हजारांवर जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ अळ्या पानं गुंडाळतात. पण स्किपर फुलपाखरांच्या अळ्याही गुंडाळतात, आणि भातावरची गुंडाळणारी अळी तर क्रॅम्बिडी या वेगळ्याच कुळातली. माझी जास्वंदीवरचीही त्याच कुळातली निघाली. कशावरून, ते मी न विचारताच तुम्ही दाखवलंत. मायक्रोस्कोपखाली पतंगाच्या सोंडेच्या बुडाशी खवले होते. टॉर्ट्रिसिड असता तर सोंड तिथे उघडी दिसली असती. आणि पोटाच्या सुरुवातीला, खालच्या बाजूला, दोन बारीक पडदे. ते त्याचे कान! वटवाघळाचा आपल्याला ऐकू न येणारा आवाज तो या कानांनी टिपतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी डोळा मायक्रोस्कोपवरून काढलाच नाही. एवढी वर्षं दिव्याभोवती फिरणारे पतंग बघितले, त्यांतल्या काहींना पोटावर कान असतात हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

फिकट पिवळसर पंख, त्यांवर तपकिरी नागमोडी रेघा. एवढ्यावरून नाव जवळपास ठरतच होतं. पण माझ्या बरणीतल्यांच्या पंखांवरचे खवले झडले होते, रेघा पुसट झाल्या होत्या, आणि सारख्या दिसणाऱ्या जातींत शेवटचा निकाल पोटाच्या टोकाच्या आतल्या अवयवांवरून लागतो. त्यासाठी एक पतंग मारावा लागणार होता.

इथे तुम्ही थांबलात. बरणी माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, "काकू, यातला एक नर मला लागेल. तुम्ही वाढवलेत, म्हणून विचारते. नको वाटलं तर फोटोवरून जेवढं सांगता येईल तेवढं सांगेन." आणि गप्प बसून राहिलात. घाई केली नाहीत. मला हो म्हणायला वेळ लागला, तेवढा वेळ तुम्ही टेबलावरची दुसरी कामंही हातात घेतली नाहीत.

मॅडम, तुमच्या रोजच्या कामात असे पतंग किती येत असतील. हा तर पिकांवरची साधी कीड. न विचारता उचलला असतात तरी मी काही बोलले नसते. मला कळलंही नसतं की विचारायला हवं होतं. घरी, दारी, रांगेत, कचेरीत आपली वस्तू न विचारता उचलली जाण्याची बायकांना इतकी सवय असते की कुणी विचारलं तर आधी खरंच वाटत नाही. मी बसमध्ये बसून रडले, ते पतंगासाठी नव्हे.

पुढे तुम्ही नाव कळवलंत: हॅरिटालोडेस डेरोगाटा. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने 1775 साली या जातीचं वर्णन केलं. शेतकीच्या कितीतरी पुस्तकांत ती अजून सिलेप्टा डेरोगाटा या जुन्या नावाने भेटते. कपाशी, भेंडी, जास्वंद, म्हणजे सगळी एकाच कुळातली झाडं, हे तिचं खाणं. माझ्या गच्चीवर तिला जास्वंद आणि भेंडीच का हवी असायची आणि शेजारचं वांगं का नको, याचं उत्तर मिळालं. त्या नमुन्याच्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर तुम्ही गाव, तारीख, झाडाचं नाव आणि माझं नाव लिहिलंत. त्याचा फोटो पाठवलात तो मी नातवंडांना दाखवला.

ज्ञान असलेली माणसं पुण्यात गल्लोगल्ली आहेत, मला त्यांचा आदरच आहे. पण समोरच्याला खुर्ची देऊन, कशावरून ते दाखवून, त्याची वही वाचून सांगणारी माणसं फार थोडी. ती भेटली की वय झालेल्या बाईलाही नव्याने शिकावंसं वाटतं. तुम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

फवारणी मी केली नाही. सुरळीच्या आत बसलेल्या अळीपर्यंत वरवरचं औषध नीट पोचत नाही, हे तुम्ही समजावलं होतंत. सकाळी सुरळ्या खुडते, भेंडी हवी तेवढी मिळते, गणपतीला लाल फुलंही. एका जास्वंदीवरच्या अळ्या मात्र मुद्दाम ठेवल्यात.

त्यातल्याच एका सुरळीत परवा मेलेली अळी सापडली आणि तिला चिकटून पांढरे, तांदळाच्या कणीहून बारीक कोष. तुम्ही म्हणाला होतात तशा परजीवी गांधीलमाशीचे असावेत. पानासकट काचेच्या बाटलीत ठेवलेत, तोंडाला मलमल बांधलीय, तारीख लिहिलीय. माशा बाहेर आल्या की फोन करते. हव्या असतील तर सगळ्या घ्या, विचारू नका.

तुमची,
सहकारनगरची काकू