मामा, तुमच्या अळ्यांनी शेवंती जेवती झाली

मामा,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, "माझं नाव कुठं टाकू नका बाई, उद्या अख्खा तालुका पाली-सरडे घेऊन दारात यायचा." तर नुसतं मामा. परभणी जिल्ह्यात रेशमाच्या अळ्यांसाठी तुती लावणारे मामा कमी नाहीत, कुणाला पत्ता लागायचा नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, शाल-नारळ आणला असता तर हसला असता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. आपल्या भागात कुणाकडं आमच्या शेवंतीसारखा पाळलेला सरडा ऑपरेशन होऊन घरी आलाच, तर तुमच्या चार गोष्टी त्याच्या कानावर पडाव्यात.

न पाहिलेल्यांसाठी सांगते. शेवंती म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या कोरड्या मुलखातला सरडा. शेपटीसकट दीड फूट, गळ्याखाली काट्यांची दाढी. या जातीची मादी नर नसतानाही अंडी धरते. शेवंतीची अंडी पोटातच अडकली आणि पुण्याला नेऊन पोट उघडावं लागलं. गल्लीत चेष्टा व्हायची ती झालीच. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, आमचीची पुण्यापर्यंत गेली! ऑपरेशन मात्र नीट झालं. घोर लागला तो घरी आल्यावर.

डिसेंबर होता. परभणीची थंडी बाहेरगावच्या माणसाला सांगूनही पटत नाही. मे महिन्यात 42-43 अंशांवर भाजून काढणारं गाव डिसेंबरात पारा एक आकड्यावर आणतं. त्यात रात्री लाईट जायची. सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. दिव्याखालच्या दगडावर 38 ते 42 अंश मिळाले तरच त्याचं अन्न पचतं, जखम भरते, औषध लागू पडतं. रात्रभर गारठलेली शेवंती सकाळी डोळे मिटून पडलेली असायची, दाढी काळी. या जातीत दाढी काळी पडली की दुखतंय किंवा जीव धास्तावलाय असं समजायचं. खाणं बंद, शी बंद. लघवीतला जो पांढरा खडूसारखा भाग असतो तो पिवळा आणि कडक यायला लागला, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. एरवी कोमट पाण्यात बसवता आलं असतं, पण पोटावर टाके, त्यामुळं पाण्यात बसवायला मनाई. पुढं एका टाक्याभोवती लाली आणि सूज दिसली.

आपल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचेही इथंच आभार मानते. लाल कंधारी बैल आणि उस्मानाबादी शेळ्यांच्या रांगेत मी बुटाचा खोका घेऊन उभी, आणि त्यांनी तोंडही वाकडं न करता पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून औषध ठरवलं. इंजेक्शन दर तिसऱ्या दिवशी एकच, आणि तेही पुढच्या पायात. मागच्या पायाकडचं रक्त सरपटणाऱ्या प्राण्यांत आधी मूत्रपिंडाकडं जाऊ शकतं, म्हणून पुढचा पाय. पण ते म्हणाले, औषध मी देईन, पोटात काही गेलं नाही तर औषध तरी काय करील? सिरिंजनं भरवायचं तर श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच; घास तिकडं वळला तर न्यूमोनिया. पुण्याहून सुचवलं होतं, रेशमाच्या अळ्या मिळाल्या तर बघा. मऊ, पाणीदार, किड्यांसारखं टणक कवच नाही. ते ऐकून डॉक्टरांनी तुमच्या शेडचा रस्ता दाखवला.

तुम्ही पहिलं काय विचारलं ते लक्षात आहे. सगळे विचारतात, हे चावतं का, कितीला मिळालं. तुम्ही विचारलं, "रातच्याला किती डिग्रीत ठेवायलाव?"

मी भिंतीवरचा आकडा सांगितला. तुम्ही मान हलवली. "भिंतीचं काय करायचं? अळी जिथं हाय तिथलं बघावं लागतंय." आणि तुमच्या शेडमधला थर्मामीटर रॅकच्या मधोमध, अळ्यांच्या उंचीला टांगलेला दाखवलात. आमच्याकडं दिव्याखाली, शेवंतीच्या पाठीच्या पातळीला मोजलं तर कितीतरी अंश कमी भरले. दिवा खाली घेतला. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर हेच सांगितलं असणार, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

अळीलाही अंगची ऊब नाही. 24 ते 28 अंश सांभाळले नाहीत तर पाला खात नाही, बॅच लांबते, कोष हलका भरतो. एवढी वर्षं थंडीत रात्री उठून पडदे सोडणारा माणूस सरडा न पाहताही सरड्याचं दुखणं ओळखतो, हे मला तुमच्या शेडमध्ये कळलं. लाईट गेल्यावर कोळशाची शेगडी ठेवू का विचारलं, तर केवढ्यांदा ओरडलात! "बंद खोलीत शेगडी? ती बी जाईल अन् तुम्ही बी!" मग थर्माकोलचा खोका, त्याला हवेची भोकं, गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दोन्ही कडांना, मध्ये शेवंती. इतका साधा बेत, आणि सकाळी दाढीचा रंग परत आलेला.

अळ्यांचं तर काय सांगू. कात टाकण्याच्या वेळी बेडवर चुना आणि निर्जंतुक पावडर मारावी लागते हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. तुम्ही न विचारता एक ट्रे बाजूला काढलात, त्यावर काही मारलं नाही, पालाही कपाशीच्या फवारणीपासून लांबच्या बांधावरचा. वर रोग शिरेल म्हणून तो ट्रे बाकी बॅचपासून दूर ठेवायचा खटाटोप. शेवंतीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठी अळी द्यायची नाही, असं मी सांगितलं, तर मामी तिसऱ्या अवस्थेतल्या बारीक अळ्या वेचून द्यायच्या. पैशाचा विषय काढला की तुमचा हिशोब ठरलेला: 200 अंडीपुंज, एकेकात 400-500 अंडी, लाखाच्या आसपास अळ्या, त्यात तुमची पाहुणी कितीशी खाणार?

पहिल्या दिवशी तिनं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मान तिरकी केली. आणि नंतर एकदा ती चिकट जीभ बाहेर आली तेव्हा आमची लेक एवढ्या मोठ्यानं किंचाळली की शेजारच्या काकू धावत आल्या. पुढं शी झाली, त्याचा फोटोही मी तुम्हाला पाठवला. तो उघडून बघितल्याबद्दल वेगळे आभार.

आता सांगायचं ते असं. सूज उतरली, इंजेक्शनं संपली. सरड्याची कातडी सावकाश जुळते म्हणून टाके दीड-दोन महिने ठेवायचे होते. तेही डॉक्टरांनी काढले. वजन ऑपरेशनच्या आधीच्या जवळ आलंय. तुतीचा कोवळा पाला आवडीनं खाते, त्यामुळं कुंडीत एक काडी रोवलीय, फुटेल असं दिसतंय.

कोष जालन्याच्या बाजारात नेणार म्हणालात, भाव चांगला मिळू दे. तुमचा जादाचा थर्मामीटर माझ्याकडंच राहिलाय, रविवारी घेऊन येते. शेवंतीला आणणार नाही, एवढ्यात तिला प्रवास नको. मामींना सांगा, जेवायला थांबा म्हणाल्या तर या वेळी नाही म्हणणार नाही.

तुमची,
शेवंतीवाली ताई
परभणी