भेटायला येणाऱ्यांनी आधी गप्प बसावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेले माणूस घरी आले की आपल्याकडे भेटणाऱ्यांची रीघ लागते. मानेवाड्यातल्या अशाच एका घरी मी बसले होते. एक काका दारातूनच सुरू झाले, "काय कमी होतं गा तुले? मायबापाचा तरी विचार करायचा!" पोरगा हातातल्या कपाकडे बघत राहिला. चहावर साय धरली, पण त्याने घोट घेतला नाही. दुसऱ्यांनी उपाय सांगितला, "विपश्यनेला पाठवा, दहा दिवसांत डोकं शांत होते."

ध्यानाचा मला आदरच आहे. दीक्षाभूमीच्या शहरात करुणा काही नवी नाही. पण दहा दिवसांचे मौन अशा अवस्थेतल्या माणसासाठी नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये, असे शिबिरवालेच सांगतात. विल्यम्स, टीसडेल आणि सीगल या मानसशास्त्रज्ञांची सजगतेवर आधारित उपचारपद्धती वेगळी आहे. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून ती आठ आठवडे, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीत शिकवतात. 'मी सगळ्यांना ओझे झालो' असे मनात आले, की तो नुसता विचार आहे हे ओळखायचा सराव त्यात होतो. डॉक्टर आणि औषधे बंद करून मात्र नव्हे.

खरे तर सजगता आधी भेटणाऱ्यांना हवी. आपलीच भीती सोसवत नाही म्हणून आपण उपदेश झोडतो. जरा श्वास घ्यावा, बसावे, आणि सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटते का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग मध्ये न तोडता ऐकावे. त्याला एकटे सोडू नये, घरातल्या गोळ्या नि फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत, मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जावे. पोलीस केसच्या धाकाने कित्येक घरे हे लपवतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरले जाते आणि उपचार देणे ही सरकारची जबाबदारी आहे.

आपल्यालाही एक विनंती. आत्महत्येच्या बातमीत 'कशी केली' याचे वर्णन टाळावे, प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये तसे सांगितलेच आहे. त्या जागी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

– एक निवृत्त शिक्षिका, नागपूर