जुन्या घरात एसी : पूर्ण खर्च आधी सांगा

महोदय,
सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. सासूबाईंना उकाडा सोसेना, म्हणून आमच्या जुन्या घरात दीड टनाचा एसी घेतला. दुकानात ‘फिटिंग फ्री’ म्हणाले. घरी मात्र एकेक खर्च निघू लागला. भिंत दोन हात जाड, दगडमातीची. भोक पाडताना आतली माती भसाभसा गळायला लागली. बाहेरचे युनिट गच्चीवर, म्हणून तांब्याचा पाइप जादा, तोही फुटाच्या दराने. जुन्या वायरिंगवर एवढा भार टाकणे धोक्याचे, म्हणून मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, एमसीबी (भार वाढला की वीज आपोआप तोडणारा स्विच), अर्थिंग. यातले काहीच टाळण्यासारखे नव्हते, कारागिरांनीही काम चोख केले. पण मग हे विकतानाच का सांगत नाहीत? पेठांतल्या जुन्या घरांना विक्रेत्यांनी आधी जागा पाहून लेखी अंदाज द्यावा.

— एक गृहिणी, उत्तर कसबा, सोलापूर