सड्याची पाहणी भरदुपारी नको

मा. संपादक,
स. न.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या कातळशिल्पांना, म्हणजे जमिनीवरच्या उघड्या खडकात कोरलेल्या चित्रांना, २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत जागा मिळाली. कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, कुडोपी ही शिल्पांच्या गावांची नावे आता सर्वांना माहीत झाली आहेत. पण या यादीत नाव आले म्हणून चिरेखाणीचे, म्हणजे जांभ्या दगडाचे बांधकामाचे ठोकळे (चिरे) कापणाऱ्या खाणीचे, मशीन थांबत नाही. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र असते. आपल्या सड्यावरची, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठारावरची, बहुतेक शिल्पे मात्र खासगी गटात (मालकीच्या जमिनीच्या तुकड्यात) आहेत आणि संरक्षित म्हणून जाहीरच झालेली नाहीत. शिवाय सातबाऱ्यावर कातळ म्हणजे पोटखराबा, लागवडीला अयोग्य जमीन. कागदावर तिथे काहीच नसते.

चिरा निघतो कसा, हे पाहिले की नुकसान कुठे होते ते कळते. सड्याचा वरचा थर टणक आणि खडबडीत असतो, त्यात सरळ चिरा मिळत नाही. म्हणून तो आधी जेसीबीने फोडून बाजूला टाकतात, तळ सपाट करतात आणि मग मशीनची गोल पाती आडवी-उभी फिरवून थरामागून थर काढत खाली जातात. शिल्प कोरलेले असते ते नेमके या टाकून दिलेल्या वरच्या थरात. बरीचशी रेघ दोन-चार बोटेच खोल. म्हणजे पहिल्याच दिवशी, एकही चिरा निघण्याआधी, चित्र संपलेले असते. खाण शेजारच्या गटात असली तरी कापणीचा लाल गाळ पावसाने वाहून खोबणीत बसतो, तुकडा-मातीचे ढीग सरकत येतात आणि ट्रक जवळची वाट म्हणून चित्रावरूनच जातो.

परवानगीआधी जागेची पाहणी होते, तरी चित्र सुटते. कारण साधे आहे. पाहणी दुपारी होते, आणि डोक्यावरच्या उन्हात रेघेला सावलीच पडत नाही. पावसाळ्यात शेवाळ आणि पाणी, त्यानंतर गुडघाभर गवत. तोच कातळ गवत वाळल्यावर, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर पाहावा. तिरप्या उन्हात खोबणीची एक कड काळी होते आणि ज्या जागेवरून माणसे रोज चालत जातात तिथे माशाची शेपटी, मग अख्खा मासा उमटतो. शंका असेल तर अंधार पडल्यावर बॅटरी जमिनीलगत आडवी धरून फिरवावी. माती मऊ केरसुणीने झाडावी. फोटो उठून दिसावा म्हणून रेघांत खडू किंवा रंग भरणे मात्र कटाक्षाने टाळावे, तो सच्छिद्र जांभ्यात मुरतो.

म्हणून मागणी अशी की, सड्यावरच्या प्रत्येक खाणीच्या अर्जावर तलाठी, खनिकर्म विभाग आणि पुरातत्त्व विभाग यांची एकत्र पाहणी व्हावी, तीही वर सांगितलेल्या वेळेत. पंचनाम्यात तारखेबरोबर तास लिहावा. चित्र सापडले तर चारही कोपऱ्यांचे जीपीएस, मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो आणि गट क्रमांक नोंदवून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात शेरा मारावा. असा शेरा असला की जमीन विकली गेली तरी नवा मालक अंधारात राहत नाही.

कुंपण चित्रापुरते घालून भागणार नाही. कशेळीचा हत्तीच सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. शिवाय अशा चित्रांच्या आसपास सड्यावर दगडी हत्यारेही सापडतात. चारही बाजूंना खोल खड्डे आणि मधे चित्राचा ओटा, असे झाले तर चित्रे कोरणारी माणसे इथे कशी वावरली हे उलगडायला काहीच उरणार नाही.

जमीनमालकाला यात खलनायक ठरवू नये. नुसत्या कातळावर दुसरे काही पिकत नाही, चिऱ्याचे पैसे रोख मिळतात. शासनाने त्या तुकड्याचे भाडे किंवा मोबदला ठरवला नाही, तर चित्र सापडल्याचे कोणी सांगणारच नाही, रात्रीत जेसीबी फिरेल. ही भीती खरी आहे.

पाऊस ओसरला की खाणी पुन्हा सुरू होतात. ग्रामपंचायतींनी त्याआधी ठराव करून चित्रे असलेल्या गटांची यादी तहसीलदारांकडे द्यावी, आणि गवत वाळून पाहणी होईपर्यंत त्या गटांवरचे अर्ज थांबवून ठेवावेत.

– एक वाचक, राजापूर