पुपुतान मैदान ही नुसती बाग नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील बालीवरचा लेख वाचला. कुठे राहावे, काय खावे, स्कूटर कशी मिळते, सगळी माहिती कामाची आहे. पण बालीची राजधानी देनपसार इथल्या पुपुतान मैदानाची 'प्रशस्त बाग' म्हणून एका ओळीत बोळवण केली आहे, ते खटकले.

पुपुतान म्हणजे शरण न जाता शेवटच्या माणसापर्यंत लढून मरणे. १९०४ मध्ये सनूरच्या किनाऱ्यावर एका चिनी व्यापाऱ्याचे गलबत फुटले. माल लुटला म्हणून डचांनी दक्षिण बालीतल्या बदुंग राज्याच्या राजाकडे भरपाई मागितली. राजाने ती साफ नाकारली. उत्तर बालीत डचांनी अर्धशतकापूर्वीच पाय रोवले होते, दक्षिणेत शिरायला निमित्त हवेच होते. (फुटल्या जहाजावर किनाऱ्याचा हक्क, हा रिवाज आपल्याकडेही होता. १६७४ च्या तहात इंग्रजांनी असा माल परत मिळावा हे कलम घातले, तेव्हा शिवाजी महाराजांनी कोकणच्या रिवाजावर बोट ठेवून ते नाकारले होते.)

२० सप्टेंबर १९०६ रोजी डच फौज राजवाड्यावर चालून आली. राजा, राण्या, पुरोहित, लहान मुलेसुद्धा पांढरी वस्त्रे नेसून, दागिने घालून, हाती क्रिस (तिथला पारंपरिक खंजीर) घेऊन बाहेर पडली. समोर बंदुका होत्या. गोळ्यांतून वाचलेल्यांनी एकमेकांना आणि स्वतःला भोसकले. बायकांनी अंगावरचे दागिने उपहासाने सैनिकांकडे भिरकावले, असे सांगतात. मैदानातल्या पुतळ्याकडे नीट पाहा, त्यातल्या बाईच्या डाव्या हातात दागिने आहेत. मी दोन वर्षांपूर्वी तिथे गेलो तेव्हा आमच्या गाइडने दाखवले म्हणून कळले, नाहीतर मीही फोटो काढून पुढे गेलो असतो.

१९०८ मध्ये बालीतल्याच क्लुंगकुंग राज्यातही हेच घडले. युरोपात छी-थू झाल्यावर डच सरकार बालीच्या संस्कृतीचे राखणदार बनले आणि आगबोटी भरभरून पर्यटक आणू लागले. आज आपण ज्या 'निवांत बेटा'ची जाहिरात वाचतो, तिची सुरुवात तिथली.

लेखात विमानतळावरचे सिमकार्डसुद्धा आहे, पण विमानतळाला ज्यांचे नाव आहे ते स्वातंत्र्यसैनिक नुराह राय नाहीत. नोव्हेंबर १९४६ मध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या डचांशी मार्गा येथे लढताना ते आणि त्यांचे सगळे साथीदार मिळून ९६ जण मारले गेले. बालीचे लोक त्यालाही पुपुतानच म्हणतात. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर एवढे त्यात जरूर यावे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली