जुनी फिल्म शोध

प्रिय अविनाश,

तुझ्या छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट वाचला. ‘उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात लहान गोल सावली’ या एका ओळीने तुझी झोप उडाली आहे, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितोय.

एक्स-रेमध्ये पुढच्या-मागच्या बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या सगळं एकावर एक येतं. त्यामुळे ठिपका दिसला म्हणजे तो फुफ्फुसातच आहे असं नाही. तो बरगडीवरचा असू शकतो, कातडीवरच्या चामखिळीचा असू शकतो. खालच्या भागात तर स्तनाग्राचीही अगदी अशीच सावली पडते, पुरुषांतसुद्धा. शंका आली की आम्ही तिथे धातूची बारीक खूण चिकटवून पुन्हा फिल्म काढतो. खूण त्याच ठिपक्यावर आली की प्रश्न मिटला.

हृदय मोठं दिसतंय म्हणालास. अरे, तू तापाने आडवा असताना पलंगावरच समोरून फिल्म काढलीय. अशा वेळी हृदय फिल्मपासून लांब राहतं आणि त्याची सावली फुगते. त्यात श्वासही पुरता भरलेला नाही. उभं राहून, छाती प्लेटला टेकवून, खांदे पुढे घेऊन काढलेल्या फिल्मवरच त्याचा आकार बघायचा.

आता खरी कामाची गोष्ट. नोकरीच्या वेळी तपासणी झाली होती ना, ती फिल्म शोध. तोच ठिपका तेव्हाही तेवढाच असेल तर माझी निम्मी काळजी तिथेच संपेल. भरीव गाठ दोन वर्षं जराही वाढली नसेल तर ती सहसा निरुपद्रवी धरतात. लहान असूनही एक्स-रेवर ठळक पांढरी दिसणारी गाठ बरेचदा कॅल्शियम साठलेली, जुन्या बऱ्या झालेल्या संसर्गाची खूण असते.

जुनी फिल्म मिळाली नाही तर सीटी स्कॅन कर, टाळू नकोस. कमी मात्रेच्या सीटीत साधारण 1.5 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग लागतो, एक्स-रेच्या 0.1 पेक्षा बराच जास्त, पण निसर्गातून वर्षभरात मिळतो त्याहून कमी. आणि तू इतकी वर्षं सिगारेट ओढलीस हे डॉक्टरांना स्पष्ट सांग. 6 मिलिमीटरपेक्षा लहान गाठ कधीच न ओढणाऱ्याची असेल तर बहुधा सोडून देतात, तुझ्या बाबतीत तसं करतीलच असं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल 2011 साली आले: बरीच वर्षं भरपूर सिगारेट ओढलेल्यांमध्ये, एक्स-रेऐवजी अशी सीटी केल्यावर फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. म्हणून माझा हा हट्ट.

येताना मूळ फिल्म किंवा सीडी आण. मोबाइलवरच्या फोटोत नेमके बारीक ठिपकेच हरवतात.

तुझा,
सुहास