बॉबी ऑरचा गुडघा आणि त्याचा एजंट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेळाडूंचे एजंट आणि करार यांविषयी आपल्या क्रीडा पानावर अधूनमधून लिहून येते. त्या निमित्ताने बॉस्टन ब्रुइन्सचा निवृत्त आइस हॉकीपटू बॉबी ऑर याच्या कारकिर्दीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण तिची चर्चा बहुधा त्याच्या डाव्या गुडघ्यापाशीच थांबते.

१९६६ मध्ये, अठराव्या वर्षी, एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये उतरलेल्या या कॅनेडियन खेळाडूने, बचावपटूने आपले क्षेत्र सोडू नये हा शिरस्ताच मोडला. पक (या खेळात चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) घेऊन तो स्वतःच प्रतिस्पर्ध्यांवर चाल करून जाई. सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याने सलग आठ वेळा मिळवली. मोसमातील सर्वाधिक गुणांचा मान पटकावणारा बचावपटू तर आजवर तो एकटाच, आणि तोही दोनदा. पुढे गुडघ्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि तिसाव्या वर्षी खेळ थांबला.

मात्र १९७६ मध्ये त्याने बॉस्टन सोडले ते गुडघ्यामुळे नव्हे. ब्रुइन्सने त्याला संघाच्या मालकीत सुमारे साडेअठरा टक्के वाटा देऊ केला होता, आणि ही गोष्ट त्याचा एजंट ॲलन ईगलसन याने त्याच्या कानावर घातलीच नाही. ऑर शिकागोला गेला, तेथे जेमतेम २६ सामने खेळला आणि निवृत्तीच्या वेळी जवळपास कफल्लक झालेला होता. ऑरने एका माणसावर इतके विसंबायला नको होते, असे आज म्हणणे सोपे आहे. परंतु हाच ईगलसन १९६७ पासून खेळाडूंच्या संघटनेचाही प्रमुख होता आणि संघमालकांशी त्याची उठबस होती; तेव्हा एजंटविरुद्ध तक्रार करायचीच झाली, तर खेळाडूने ती कोणाकडे करायची? फसवणुकीच्या आरोपांची कबुली त्याने दिली ती थेट १९९८ मध्ये, आणि मग त्याला तुरुंगवास झाला. त्याला हॉल ऑफ फेममधून, म्हणजे आइस हॉकीतील नामवंतांच्या सन्मान-यादीतून, काढले नाही, तर आम्हीच बाहेर पडू, असे ऑरसह अनेक माजी खेळाडूंनी बजावल्यावर त्याने तेथूनही राजीनामा दिला.

म्हणून विनंती अशी की, कराराची बातमी देताना रकमेच्या आकड्याबरोबरच तो करार ठरवणारा एजंट आणखी कोणाकोणासाठी काम करतो, हेही आपल्या प्रतिनिधींनी विचारावे आणि छापावे.

आपला,
एक वाचक, नाशिक